वसईचा किल्ला आणि त्यातील विसरलेले नगर

११ जुलै २०२५ रोजी पॅरिस येथे भरलेल्या युनेस्कोच्या जागतिक वारसा समितीच्या अधिवेशनात मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा बहाल करण्यात आला. रायगड, शिवनेरी, प्रतापगड, सिंधुदुर्ग आदी महाराष्ट्रातील अकरा दुर्ग आणि तामिळनाडूतील जिंजी यांची ही मालिका आहे. अवघ्या महाराष्ट्राला अभिमान वाटावा अशी ही घटना असून त्या आनंदात आम्ही मराठी ख्रिस्तीजनही मनःपूर्वक सहभागी आहोत. मात्र या निमित्ताने वसईकरांच्या मनात एक प्रश्न उभा राहणे स्वाभाविक आहे. ज्या किल्ल्यासाठी १७३९ साली मराठ्यांनी एवढा मोठा पराक्रम गाजवला, तो वसईचा किल्ला या यादीत का नाही?

या प्रश्नाचे उत्तर तसे कठीण नाही. सतराव्या ते एकोणिसाव्या शतकांत मराठ्यांच्या युद्धनीतीतून आकाराला आलेली दुर्गांची साखळी म्हणून त्या बारा किल्ल्यांची निवड झाली आहे. वसई मराठ्यांनी जिंकली, पण तिची उभारणी पोर्तुगिजांनी केली आणि दोनशे वर्षे तेथे त्यांचाच अंमल होता. तेव्हा त्या यादीत वसई नसणे हा अन्याय आहे असे आम्हांस वाटत नाही. खरी अडचण निराळीच आहे. वसई कोणत्याच यादीत नीट बसत नाही, कारण आपण सारे तिला केवळ 'किल्ला' म्हणून ओळखतो. तटबंदीच्या आत जे होते ते एक संपूर्ण नगर होते. किल्ला म्हटला की वेढा, सुरुंग आणि तोफा आठवतात. नगर म्हटले की तेथे राहिलेली, शिकलेली, आजारी पडलेली, प्रार्थना केलेली आणि तेथेच पुरली गेलेली माणसे आठवू लागतात. या दुसऱ्या आठवणीचा सांभाळ कोणी करावयाचा, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

तटाच्या आतील नगर

१५३४ च्या अखेरीस गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने तहान्वये वसई आणि तिच्या अखत्यारीतील प्रदेश पोर्तुगिजांच्या स्वाधीन केला. त्या वेळी नूनो द कुन्या हा पोर्तुगीज गव्हर्नर होता. १५३६ पासून किल्ल्याचे काम सुरू झाले आणि पुढे तटबंदी वाढत जाऊन तिने एका नगराला कवेत घेतले. दमणपासून चौलपर्यंत पसरलेल्या पोर्तुगिजांच्या 'उत्तर प्रांता'चे ते मुख्य ठाणे होते. शंभर एकरांहून अधिक क्षेत्र, भक्कम बुरूज, जमिनीकडचा एक आणि समुद्राकडचा एक असे दोन प्रमुख दरवाजे, अधिकाऱ्यांची निवासस्थाने, बाजार, तुरुंग, दयाकार्यासाठी चालविली जाणारी मिझेरिकॉर्दिया ही संस्था आणि विविध संन्यासी संघांचे मठ, असा त्या नगराचा पसारा होता.

या नगराचे मुख्य पॅरिश चर्च संत योसेफाच्या नावाने उभारलेले होते. त्याला 'मात्रिझ', म्हणजे मातृचर्च, म्हणत. १६०१ साली, गोव्याचे आर्चबिशप आलेइशो द मेनेझेस यांच्या कारकिर्दीत, त्याची पुनर्बांधणी झाल्याची नोंद तेथील शिलालेखात आहे. आज पर्यटक त्या वास्तूला सर्रास 'कॅथेड्रल' म्हणतात. वास्तविक पोर्तुगीज अमदानीत वसईला बिशपांचे आसन कधीच नव्हते. हा भाग गोव्याच्या आर्चबिशपांच्या अधिकारात होता. याखेरीज फ्रान्सिस्कनांचे संत अँथनी चर्च, येशूसंघीयांचे चर्च व कॉलेज, ऑगस्टिनियनांचा मठ आणि डॉमिनिकनांचे संत गोन्सालो चर्च यांचे अवशेष आजही उभे आहेत. संत फ्रान्सिस झेवियर यांनी १५४४ आणि १५४८ मध्ये या नगराला भेट दिली होती.

येथे एक लहानसा तपशील मुद्दाम सांगावासा वाटतो. डॉमिनिकनांच्या 'संत गोन्सालो' चर्चचा संबंध पुष्कळ जण आपल्या संत गोन्सालो गार्सिया यांच्याशी जोडतात. परंतु ते चर्च १५८३ सालचे आणि गोन्सालो गार्सिया यांना हौतात्म्य आले ते १५९७ मध्ये. त्या चर्चचे नाव पोर्तुगालमधील अमारांत येथील गोन्सालो या डॉमिनिकन धर्मपुरुषावरून आले आहे. चूक छोटी असली तरी तिच्यातून एक गोष्ट ध्यानी येते. ज्या वास्तूंना आपण 'आमच्या' म्हणतो, त्यांची नावेही आपल्याला धड ठाऊक नाहीत.

एका वसईकराचे हौतात्म्य

गोन्सालो गार्सिया यांचा जन्म वसईचा. वडील पोर्तुगीज आणि आई येथील. येशूसंघीयांच्या छायेत त्यांचे शिक्षण झाले. पुढे ते जपानला गेले, तेथील भाषा आत्मसात केली आणि व्यापारातही नाव मिळवले. नंतर मनिला येथे त्यांनी फ्रान्सिस्कन संघात बंधू म्हणून प्रवेश घेतला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर पंचवीस सोबत्यांसह त्यांना क्रुसावर ठार करण्यात आले. ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी त्या सर्वांना संतपद बहाल केले. भारतभूमीत जन्मलेले ते पहिले संत होत.

नागासाकी शहराने या आठवणीचे काय केले ते पाहण्यासारखे आहे. १९६२ साली, संतपदाच्या शताब्दीला, त्या टेकडीवर सव्वीस हुतात्म्यांचे स्मारक आणि संग्रहालय उभे राहिले. २०१८ मध्ये नागासाकी परिसरातील गुप्त ख्रिस्ती समाजाच्या स्थळांना युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. नोव्हेंबर २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्या टेकडीवर प्रार्थना केली. ज्या देशात ख्रिस्ती लोक अत्यल्प आहेत, तेथे हे घडले. जेथे गोन्सालोंना मरण आले त्या जागेची एवढी निगा राखली जाते. जेथे त्यांनी अक्षरे गिरवली त्या जागेची निगा राखणे हे आपले काम नव्हे काय?

दगड आत, माणसे बाहेर

वसईची तुलना नेहमी जुन्या गोव्याशी केली जाते. तेथील चर्च आणि मठ १९८६ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. परंतु दोन्ही नगरांची कहाणी एकमेकांच्या उलट आहे. जुन्या गोव्यात नगर ओस पडले, माणसे पणजीकडे आणि इतरत्र गेली, पण प्रमुख चर्च नांदती राहिली. वसईत तटाआतील चर्च कोसळली, त्यांची छपरे गेली, वेद्या रित्या झाल्या. मात्र तटाबाहेरचा श्रद्धावंत समाज टिकून राहिला. पापडी, रमेदी, नंदाखाल, सांडोर येथील धर्मग्राम सोळाव्या शतकापासून चालत आले आहेत.

या टिकून राहण्याचा अर्थ आपण पुरेसा ध्यानात घेतलेला नाही. १६ मे १७३९ रोजी पोर्तुगिजांनी चिमाजी आप्पांसमोर शरणागती पत्करली. पोर्तुगीज सैन्याला व रहिवाशांना सन्मानाने बाहेर पडण्याची मुभा मिळाली आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांच्या धर्मस्वातंत्र्याची हमी तहात दिली गेली. युरोपीय मठवासी निघून गेले. राजसत्तेचा आधार संपला. त्यानंतर गोव्याकडील देशी धर्मगुरूंनी आणि येथील सामान्य कुटुंबांनी विश्वासाची ज्योत तेवत ठेवली. वसईच्या ख्रिस्तसभेने पोर्तुगीज छत्राखाली जेवढी वर्षे काढली, त्याहून अधिक वर्षे त्या छत्राविना काढली आहेत. धर्मप्रांत म्हणून वसईची स्थापना झाली ती १९९८ मध्ये, स्वतंत्र भारतात. वसईचा ख्रिस्ती समाज म्हणजे वसाहतवादाने मागे ठेवलेले अवशेष, असे जे कधी कधी ऐकू येते त्याला इतिहासाचे उत्तर हे असे आहे. आमची डिमेलो, लोपीस, कोरिया ही आडनावे बाप्तिस्म्याच्या वेळी मिळालेली आहेत. सामवेदी, वाडवळ आणि कोळी घरांतील बोली, पोशाख आणि लग्नगीते मात्र याच मातीतील आहेत.

संपूर्ण इतिहास स्वीकारावयाचा तर

वारशावर हक्क सांगणे सोपे असते. त्यातील जड भाग उचलणे अवघड असते. वसई नगराच्या वैभवाबरोबर त्याची काळी बाजूही आपल्याला मान्य केली पाहिजे. सोळाव्या शतकात या परिसरातील मंदिरे पाडली गेली आणि त्यांच्या जमिनींचे उत्पन्न चर्चकडे वळवले गेले. हिंदू व मुसलमान रहिवाशांच्या धर्माचरणावर निर्बंध आले. १५६० साली गोव्यात स्थापन झालेल्या इन्क्विझिशनचा अधिकार उत्तर प्रांतावरही चालत असे. गंगाजी नाईक अंजूरकर यांच्यासारख्या स्थानिक पुढाऱ्यांनी पेशव्यांकडे धाव घेतली, ती या जाचामुळेच. वसईची मोहीम ज्यांना मुक्तिसंग्राम वाटते त्यांच्या भावनेला इतिहासाचा आधार आहे, हे आपण मोकळ्या मनाने मान्य करावे. १२ मार्च २००० रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी ख्रिस्तसभेच्या लेकरांच्या हातून इतिहासात घडलेल्या पापांबद्दल जाहीरपणे क्षमायाचना केली. त्यांनी घालून दिलेला हा धडा वसईलाही लागू पडतो.

दुसऱ्या बाजूने, चिमाजी आप्पांच्या विजयाचे स्मरण करताना तटाच्या आतील चर्चना 'शत्रूच्या इमारती' मानण्याची प्रवृत्तीही योग्य नाही. जिंकणाऱ्यांनीच ख्रिस्ती रयतेला अभय दिले होते. त्यांच्या औदार्याची आठवणही त्या विजयाचाच भाग आहे.

या दोन स्मृती एकत्र कशा नांदू शकतात याचे सुंदर उदाहरण वसईच्या घंटांमध्ये सापडते. विजयानंतर येथील चर्चच्या घंटा महाराष्ट्रभरच्या देवस्थानांना अर्पण करण्यात आल्या. भीमाशंकर, नाशिकचे नारोशंकर मंदिर आणि वाईजवळचे मेणवली येथील घंटा वसईच्या असल्याचे सांगितले जाते. मेणवलीच्या घंटेवर मरियामाता व बाळ येशू यांची आकृती आजही पाहावयास मिळते. या घंटा परत आणाव्यात असे काहींना वाटत असेल. आम्ही त्या मताचे नाही. जवळजवळ पावणेतीनशे वर्षे हिंदू भाविकांनी ती मरियामाता घासून पुसून टाकली नाही, ती सांभाळली. त्या घंटा आता त्या गावांच्या उपासनेचा भाग झाल्या आहेत. आपण फक्त एवढे करावे, की त्या त्या देवस्थानांच्या संमतीने प्रत्येक घंटेचे छायाचित्र घ्यावे, तिच्यावरील लेख वाचून घ्यावा आणि ही माहिती दोन्ही समाजांसाठी उपलब्ध करावी. एकत्र मिळून केलेले असे काम कोणत्याही परिसंवादाहून अधिक फलदायी ठरेल.

धोका कोठून आहे?

किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. १९५८ च्या प्राचीन स्मारकविषयक कायद्यात २०१० साली दुरुस्ती होऊन संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामास बंदी आणि त्यापुढील २०० मीटरपर्यंत नियंत्रण अशी तरतूद झाली. म्हणजे कायदा आहे. पण कायदा दगड पडू नयेत यासाठी असतो. तो दगड कोणता, हे सांगण्याचे काम कायद्याने होत नाही.

दरवर्षीचा मुसळधार पाऊस, खाडीवरून येणारा खारा वारा आणि भिंतींच्या सांध्यांत शिरणारी वड-पिंपळाची मुळे हे जुने शत्रू आहेत. त्यांत नवे मिळाले आहेत. छायाचित्रणासाठी आणि चित्रीकरणासाठी किल्ल्याला मोठी मागणी असते. २०१६ साली कोल्डप्ले या ब्रिटिश वाद्यवृंदाच्या एका गाण्याच्या चित्रफितीतून ही भग्न वास्तू जगभर पोहोचली. यात वाईट काही नाही. पण जेथे शतकानुशतके पवित्र मिस्सा अर्पण झाली त्या वेदीच्या जागेवर उभे राहून आपण कोठे उभे आहोत, हे सांगणारे कोणी नसते. फ्रान्सिस्कन चर्चच्या भूमीवर कोरीव लेखांचे थडग्यांचे दगड आहेत. त्यांवरून रोज पावले चालतात आणि अक्षरे झिजत जातात.

फेब्रुवारी २०२४ मध्ये वसई-भाईंदर रो-रो नौकासेवा सुरू झाली. रस्त्याने तीस किलोमीटरहून अधिक पडणारा वळसा त्यामुळे वाचतो आणि हजारो कुटुंबांची सोय होते. या सेवेला आमचा विरोध नाही. मात्र जेट्टीकडे जाणारा मार्ग किल्ल्यातूनच जातो. पूर्वी मच्छीमार बांधवांच्या रहदारीपुरता असलेला हा रस्ता आता मोटारींचा झाला आहे. जुन्या चुन्याच्या बांधकामाला वाहनांचे हादरे कितपत सोसतील, याचा अभ्यास व्हावा, वाहनांच्या वजनाला व वेगाला मर्यादा असावी आणि पर्यायी मार्गाचा विचार व्हावा, अशी मागणी करणे हे विकासाच्या आड येणे नव्हे. पुरातत्त्व विभाग, वसई-विरार महानगरपालिका आणि सागरी प्रशासन यांनी एकत्र बसल्याशिवाय हा प्रश्न सुटणार नाही. त्यांना एकत्र बसविण्याची निकड नागरिकांनाच निर्माण करावी लागेल.

वसईला हे नवीन नाही. येथील झाडे, विहिरी आणि शेती वाचविण्यासाठी हरित वसईची चळवळ झाली, तेव्हा सर्व धर्मांचे लोक रस्त्यावर उतरले होते. दिवंगत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी तिचे नेतृत्व केले. २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना लाभले, तेव्हा वसईच्या ख्रिस्ती समाजाचे मराठीपण साऱ्या महाराष्ट्राने गौरवले. पाण्यासाठी आणि हिरवाईसाठी जी तळमळ आपण दाखवली, ती स्मृतीसाठी का दाखवू नये?

धर्मग्रामांनी काय करावे?

रोमहून मार्गदर्शन कधीच आले आहे. ख्रिस्तसभेच्या सांस्कृतिक वारशासाठी नेमलेल्या परमधर्मपीठाच्या आयोगाने १९९७ साली चर्चच्या दप्तरखान्यांविषयी आणि १९९९ साली वारशाची सूची करण्याच्या निकडीविषयी परिपत्रके काढली. त्यांचा आशय असा, की जुनी दप्तरे व वस्तू या केवळ जपून ठेवावयाच्या चिजा नसून त्या विश्वासाच्या परंपरेच्या साक्षी आहेत. सूची नसलेला वारसा हरवला तर हरवल्याचेही कळत नाही.

आमच्या मते पुढील गोष्टींना फार पैसा लागणार नाही. प्रत्येक जुन्या धर्मग्रामाने बाप्तिस्मा, विवाह व मृत्यू यांच्या नोंदवह्यांची सद्यःस्थिती तपासून त्यांच्या डिजिटल प्रती करून घ्याव्यात. जुन्या मूर्ती, चांदीची पात्रे, वेदीची लाकडी कोरीवकामे आणि दफनभूमीतील जुने दगड यांची सचित्र यादी करावी. रंगरंगोटी वा नूतनीकरण हाती घेण्यापूर्वी जाणकारांचा सल्ला घ्यावा. सणाच्या उत्साहात सिमेंट आणि तैलरंग यांनी जे नष्ट होते ते परत मिळत नाही. किल्ल्यातील शिलालेखांच्या बाबतीत पायाभूत काम झालेले आहे. गोमंतकीय विद्वान डॉ. जे. गेर्सन द कुन्या यांचा चौल व वसईवरील ग्रंथ १८७६ साली प्रसिद्ध झाला, आणि वसईच्या किल्ल्यातील राजचिन्हे व लेख यांवरील ब्राझ फर्नांडिस यांचे पुस्तक १९५७ मध्ये लिस्बनहून निघाले. या नोंदी हाती घेऊन आपल्या तरुणांनी प्रत्यक्ष दगडांशी ताडून पाहाव्यात. कोणते लेख उरले आहेत आणि कोणते गेले, हे तरी त्यातून कळेल.

धर्मशिक्षणाच्या वर्गांतील मुलांना वर्षातून एकदा किल्ल्यात न्यावे आणि हे नगर समजावून द्यावे. त्या फेरीत मात्रिझ असावे, येशूसंघाचे कॉलेज असावे, आणि चिमाजी आप्पांचे स्मारकही असावे. तेथे ज्या मराठा वीरांनी प्राण दिले त्यांच्यासाठी आणि ज्यांची मंदिरे मोडली गेली त्यांच्यासाठीही मुलांनी क्षणभर शांत उभे राहावे. असे शिकलेले मूल कोणाच्या द्वेषाला बळी पडणार नाही, आणि कोणी त्याला परके म्हटले तर गोंधळणारही नाही.

जागतिक वारशाचा दर्जा वसईला कधी मिळेल की नाही, हे आपल्या हाती नाही. संत गोन्सालो गार्सिया यांच्या सणाला भाविक किल्ल्यात जमतात, भग्न भिंतींमध्ये पुन्हा प्रार्थनेचे शब्द उमटतात. येत्या फेब्रुवारीत तेथे जाताना प्रत्येक धर्मग्राम परिषदेने आपल्या जुन्या दप्तरांची आणि वस्तूंची एक यादी, अपुरी का असेना, सोबत न्यावी, एवढीच आमची नम्र सूचना आहे. त्या नगराचे वारस म्हणून आपला पहिला हिशेब तो असेल.